अमृतांजनला पोचलास की फोन कर

पुण्याहून मुंबईला निघताना आई दारात उभी राहून एकच गोष्ट बजावायची, "अमृतांजनला पोचलास की फोन कर." लोणावळा झालं, खंडाळा झालं, तरी तिचा जीव अमृतांजनपाशी अडकलेला. तिथून घाट उतरायला लागतो, आणि घाट म्हटलं की आईच्या पोटात गोळा. मुंबईहून येतानाही तेच. "कुठवर आलात?" "अमृतांजनला अडकलोय." एवढं ऐकलं की पलीकडचा माणूस कुकर आता लावायचा की अजून थांबायचं ते ठरवून टाकायचा.

अमृतांजन नावाचं गाव नाही, तो पूल होता. १८३० साली इंग्रजांनी बोरघाटातून गाडीरस्ता खुला केला, त्या काळचा दगडी पूल. पुढे तिथे बामची मोठी जाहिरात लागली आणि पुलाला तिचं नाव चिकटलं. एक्स्प्रेसवे झाला तो या पुलाच्या खांबांमधूनच काढला, आणि तिथे गाड्या अशा तुंबायच्या की आमचे एक काका दर खेपेला न चुकता तोच विनोद करायचे, "जाहिरात अगदी बरोबर जागी लावली होती हो, डोकं इथेच दुखतं." आम्ही दर खेपेला हसायचो. काकांपुढे इलाज नव्हता.

एप्रिल २०२० मध्ये लॉकडाउनमुळे रस्ता मोकळा मिळाला, तेव्हा सुरुंग लावून तो पूल पाडला. टीव्हीवर धुरळा दिसला, आणि मग नुसतंच आभाळ. आई म्हणाली, "आता फोन कुठून करणार?" मी म्हटलं, "आता जातोय कोण!" घराबाहेर पडायची सोय नव्हती, भांडी घासून झाली होती, म्हणून शोधायला बसलो की हे अमृतांजन मुळात केलं कोणी. मनात कुठेतरी पक्कं होतं की गिरगावातला कोणी वैद्य असेल, फार तर पुण्यातला एखादा गोखले किंवा पेंडसे. निघाले काशीनाथुनी नागेश्वरराव. कृष्णा जिल्ह्यातल्या एलाकुर्रू गावचे. जन्म १ मे १८६७.

सोलापूरचा माझा एक मित्र आहे, घरात तेलुगू आणि बाहेर अस्सल सोलापुरी मराठी. त्याला उत्साहाने फोन करून सांगितलं, "अरे, अमृतांजनवाला तुमच्यातला निघाला." तो शांतपणे म्हणाला, "पंतुलू गारू म्हणायचं त्यांना, आदराने. आमच्या आजोबांकडे त्यांचं नाव घेताना चप्पल काढायचे. तुला काय वाटलं, तुमचा होता?"

मला तसंच वाटलं होतं, हे मी त्याला सांगितलं नाही.

याला कारण आजी. आजीला अर्धशिशी होती. ती उठली की माजघरातली खिडकी लावली जायची, आजी कपाळावर फडकं घट्ट आवळून भिंतीकडे तोंड करून पडायची, आणि मला हाक यायची, "बाळ, ती बाटली आण रे." ती म्हणजे बुटकी काचेची, पिवळ्या बामची. पत्र्याचं झाकण कडेला गंजून घट्ट बसलेलं असायचं, ते पदरात धरून पिळावं लागे. आतला बाम मधोमध खड्डा पडून कडेला उरलेला, बोट फिरवून फिरवून त्याला गुळगुळीत वाट झालेली. मी तिच्या कानशिलांवर चोळायचो आणि ती पुटपुटायची, "जोर लाव, मेल्या." एकदा तेच बोट डोळ्याला लागलं. मी घर डोक्यावर घेतलं. मग स्वतःचं ठणकतं डोकं विसरून आजी उठून बसली, पदराचा बोळा केला, त्यात फुंकर मारून तो ऊबदार बोळा माझ्या डोळ्यावर धरत राहिली. त्या पदरालाही अमृतांजनचाच वास होता, त्यामुळे डोळा आणखीच झोंबला.

रिकामी बाटली तिने कधी टाकली नाही. एकीत कुंकू, एकीत सुईदोरा, एकीत कापराच्या वड्या. आजी गेल्यावर फडताळातून अशा अकरा बाटल्या निघाल्या. जी वस्तू इतकी घरातली, ती करणारा परका असेल हे कोणाच्या मनात येणार?

बामने अर्धशिशी बरी होते का, तर नाही. मेन्थॉल कातडीला खरोखर गार करत नाही. थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंना ते चेतवतं, म्हणजे एका अर्थी फसवतंच. जोडीला कापूर, निलगिरीचं तेल, विंटरग्रीनचं तेल. त्या सगळ्या झणझण्यात मेंदूचं लक्ष तेवढं वेळ दुसरीकडे जातं, दुखणं असतं तिथेच. आजीला हे सांगितलं असतं तर तिने विचारलं असतं, "मग तेवढा वेळ काय कमी आहे?"

नागेश्वरराव १८९१ मध्ये मद्रासच्या ख्रिश्चन कॉलेजातून पदवीधर झाले. त्या काळचा पदवीधर म्हणजे सरकारी नोकरी दारात उभी. हे गेले कलकत्त्याला, औषधाच्या धंद्यात. तिथे काढे-मलमं कशी करतात, बाटल्या कशा भरतात, लेबल कसं डकवतात ते शिकले. मग मुंबई. विल्यम अँड कंपनी नावाच्या पेढीत नोकरीला लागले आणि पुढे तिचेच मालक झाले. १८९३ मध्ये अमृतांजन काढलं. वय सव्वीस.

तो काळ पेटंट औषधांचा होता. नाव पेटंट, पण पेटंट बहुतेकांनी घेतलेलंच नसे, कारण पेटंट घ्यायचं तर आत काय आहे ते सांगावं लागतं. राखायचं ते नाव, लेबल आणि बाटलीचा घाट, बाकी सगळं झाकलेलं. रेल्वे होती, पोस्टाची व्ही.पी. १८७७ पासून सुरू झाली होती, आणि वर्तमानपत्रं औषधांच्या जाहिरातींवर अर्धी जगत होती. गावात बसून पत्र टाकायचं, पोस्टमन औषध घेऊन येणार आणि पैसे घेऊन जाणार. शक्तीचं, धातूचं, बायकांच्या आजारांचं, मुलांच्या जंतांचं, आणि पुष्कळदा या सगळ्यांवर मिळून एकच औषध. या बाजारात एक नवा तेलुगू मुलगा पिवळा बाम घेऊन उतरला. दहा आणे किंमत. दहा आणे तेव्हा काही थोडे नव्हते. शिवाय ओळखदेख नाही, मुंबईत जातभाईंचं म्हणावं तर कामाठीपुऱ्यातले मजूर. मग बाम खपवायचा कसा?

इथे त्यांनी जे केलं ते मला फार आवडतं. ते गाण्याच्या बैठकांना जात आणि आलेल्या लोकांना बाम फुकट वाटत. चित्र डोळ्यांपुढे आणून बघा. रात्रीची मैफल, गॅसबत्त्यांची उष्णता, दाटीवाटीने बसलेली माणसं, अत्तर आणि घाम, मध्यरात्र उलटलेली. डोकं चढायला याहून चांगली जागा कुठली? आणि तेव्हाच कोणीतरी हातात इवलीशी बाटली ठेवतो. दोन बोटं कपाळाला लावली की दोन मिनिटांत गुण येतो. गुण म्हणजे काय ते वर सांगितलंच. लेबल वाचायला नको, वैद्याची शिफारस नको. शेजारच्याला वास जातो, तो वळून विचारतो, "काय हो हे?" त्या वासानेच पुढची जाहिरात केली असणार, असं आपलं माझं मत.

नागेश्वरराव पुढे राजकारणात गेले. पण पेटंट औषधवाला राजकारणात गेला म्हटलं की मला आधी दुसराच माणूस आठवतो, तो इथे सांगून टाकतो. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात डडली लब्लाँ नावाचे एक सिनेटर होते. राजकारण आणि औषध ते एकाच हाताने करत. १९४० च्या दशकात त्यांनी हॅडाकॉल नावाचं टॉनिक काढलं. जीवनसत्त्वं होती त्यात, आणि शंभरात बारा भाग अल्कोहोल. ते म्हणे टिकण्यासाठी. ज्या भागात दारूबंदी होती तिथे ते विशेष टिकलं. १९५० साली त्याची विक्री दोन कोटी डॉलरच्या घरात गेली. लब्लाँनी काय केलं, तर बॉब होप, ज्युडी गार्लंड, हँक विल्यम्स अशी त्या वेळची मोठमोठी मंडळी भाड्याने आणली आणि गावोगाव जलसे केले. तिकीट पैशाने मिळत नसे, हॅडाकॉलच्या खोक्यांची झाकणं द्यावी लागत. एका कार्यक्रमात त्यांना विचारलं, हे औषध कशावर चांगलं? ते म्हणाले, माझ्यासाठी तर गेल्या वर्षी साडेपंचावन्न लाख डॉलरचं चांगलं होतं. चुकलो, पंचावन्न लाख. आकडा मोठा असला की माझी जीभ अशी घसरते. १९५१ मध्ये त्यांनी कंपनी विकली, लगेच तिचं दिवाळं वाजलं, आणि पुढच्या वर्षी गव्हर्नरच्या निवडणुकीत स्वतः लब्लाँही आपटले. हजरजबाबी माणूस होता, त्याच्याबद्दल वाचताना राग येत नाही, पण बाटली हातात असती तर खिशावर हात ठेवला असता.

दोघांनीही गाण्याला धरूनच औषध खपवलं. लब्लाँनी औषध घेणाऱ्यांना गाणं फुकट दिलं, पंतुलूंनी गाणं ऐकायला आलेल्यांना औषध फुकट दिलं. लॉकडाउनच्या त्या आठवड्यात मी या उलटापालटीवर बराच वेळ घालवला. घालवायला वेळ होताच.

बामने पंतुलूंना लखपती केलं. एखादा असता तर मलबार हिलवर बंगला बांधून स्वस्थ बसला असता. पण १९०७ चं सुरतेचं काँग्रेस अधिवेशन झालं, जोडे फेकले गेले, जहाल आणि मवाळ फुटले. पुढच्या जुलैत मुंबईच्या हायकोर्टात टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि गिरणगाव सहा दिवस बंद राहिलं. हा खटला आणि हा बंद त्यांच्या पेढीच्याच शहरात घडत होता. त्याच १९०८ मध्ये त्यांनी मुंबईत 'आंध्र पत्रिका' नावाचं तेलुगू साप्ताहिक काढलं. तेलुगू मुलखात नव्हे, मुंबईत! आपल्याकडे इंदूर-बडोद्याच्या मराठी मंडळींनी परमुलखात राहून मराठी जपली, त्याचं आपण कौतुक करतो. आपल्याच शहरात एक औषधविक्या तेलुगूसाठी तेच करत होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

पत्रिकेचा उगादीचा, म्हणजे त्यांच्या पाडव्याचा, खास अंक म्हणजे, मित्र म्हणाला, "तुमचा दिवाळी अंक असतो बघ, तसा." १९१४ मध्ये पंतुलूंनी पत्र मद्रासला नेलं आणि दैनिक केलं. पुढे १९२४ मध्ये 'भारती' हे वाङ्मयीन मासिक, १९२६ मध्ये 'आंध्र ग्रंथमाला' ही प्रकाशनसंस्था, वाचनालयांच्या चळवळीला पैसा. वर्तमानपत्राचा धंदा तेव्हाही आतबट्ट्याचाच, आणि मासिक म्हणजे तर घरचं खाऊन. हा सगळा खड्डा बाम भरत होता. कोणाच्या तरी कपाळावरचे दहा आणे आणि कोणाच्या तरी हातातली कविता. यातलं किती माझ्या आजीचं, असा एक वेडगळ हिशेब मी मनात करून पाहिला. ती जन्मली १९२९ साली. म्हणजे तिच्या आईचं धरावं लागेल.

राजकारणात ते पत्रामुळे आले की पैशामुळे? मला वाटतं, दोन्हीमुळे, आणि याची लाज वाटायचं कारण नाही. १९२४ ते १९३४ या दहा वर्षांत ते चार वेळा आंध्र प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्ष झाले. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले. लोकांनी 'देशोद्धारक' म्हटलं, आंध्र विद्यापीठाने १९३५ मध्ये 'कलाप्रपूर्ण' ही पदवी दिली. तुरुंगात त्यांनी गीतेवर भाष्य लिहिलं. मंडालेचं आपल्याला ठाऊक असतं, त्यामुळे या गोष्टीचं मराठी माणसाला नवल वाटू नये. मला वाटलं ते एवढंच, की ज्याच्या औषधावर अख्खा देश कपाळ टेकून होता, तो माणूस कोठडीत बसून स्थितप्रज्ञाची लक्षणं लिहीत होता.

मला सगळ्यात अडकवून ठेवलं ते शेवटच्या प्रकरणाने. मद्रासमध्ये मैलापूर भागात त्यांचं 'श्रीबाग' नावाचं घर होतं. तेलुगू लोकांचा वेगळा प्रांत हवा ही मागणी तेव्हा पंचवीसेक वर्षांची झाली होती, पण घोडं घरातच अडलं होतं. किनाऱ्याकडचे आंध्र शिकलेले आणि पाण्याने सुखी, रायलसीमा दुष्काळी. रायलसीमेच्या लोकांना भीती, की मद्रासच्या तमिळांकडून सुटून आपण किनारपट्टीवाल्यांच्या हाती सापडणार. १६ नोव्हेंबर १९३७ ला दोन्हीकडची मंडळी श्रीबागेत बसली आणि करार झाला. विद्यापीठाचं एक केंद्र अनंतपूरला, कालव्यांच्या पाण्यात रायलसीमेला आधी वाटा, कायदेमंडळात बरोबरीने जागा, आणि राजधानी व हायकोर्ट यांतलं काय आपल्याकडे हवं ते रायलसीमेने निवडावं.

हे वाचताना मी खुर्चीत सरसावून बसलो. हा तर आपला नागपूर करार! सोळा वर्षं आधीचा. विदर्भाने मुंबई-पुण्यावर विश्वास ठेवावा म्हणून १९५३ मध्ये जे कागदावर आलं, हिवाळी अधिवेशन नागपुरात भरतं ते ज्याच्यामुळे, त्याची तेलुगू आवृत्ती एका बामवाल्याच्या दिवाणखान्यात आधीच लिहून झाली होती. आणि दोन्ही करारांचं पुढे काय झालं तेही सारखंच आहे. विदर्भातला माणूस अजून नागपूर कराराचं नाव काढून विचारतो, आमचं काय झालं? रायलसीमेतला माणूस श्रीबागेचं नाव काढून तेच विचारतो. आंध्रच्या राजधानीचा वाद अलीकडे पुन्हा पेटला तेव्हा रायलसीमेतल्या कर्नूलला हायकोर्ट हवं म्हणणाऱ्यांनी पुढे केला तो श्रीबागेचाच कागद.

करारानंतर पाच महिनेही नाही झाले, ११ एप्रिल १९३८ ला पंतुलू गेले. आंध्र राज्य त्यांनी पाहिलं नाही. त्यासाठी १९५२ च्या डिसेंबरात पोट्टी श्रीरामुलूंना त्याच मैलापुरात उपोषण करून मरावं लागलं. १ ऑक्टोबर १९५३ ला राज्य झालं, राजधानी कर्नूलला आणि हायकोर्ट किनाऱ्याकडच्या गुंटूरला, म्हणजे तेवढ्यापुरतं तरी श्रीबागेत ठरल्याप्रमाणे. त्या राज्याने भाषावार प्रांतांचं दार उघडलं आणि त्याच दारातून पुढे आपण आलो, १९६० मध्ये. तारीख १ मे. पंतुलूंचा जन्मदिवस. हा निव्वळ योगायोग आहे, त्याचा मी काही अर्थ लावत नाही. पण मित्राला सांगितल्यावर तो म्हणाला, "बघ, तुमच्या वाढदिवसाला आमचा पाहुणा."

दोन वर्षांपूर्वी कामासाठी चेन्नईला गेलो होतो. दुपारची बैठक होती, सकाळ मोकळी, म्हणून रिक्षा करून मैलापुरात लझ चर्च रोडवरच्या नागेश्वरराव पार्कात गेलो. मोठी झाडं, फिरायची फरसबंद वाट, तीवरून झपाझप चालणारे निवृत्त लोक, एका कोपऱ्यात बॅडमिंटन. या बागेत महिन्यातल्या एका रविवारी सकाळी लहान मुलांच्या गाण्याची कचेरी, म्हणजे मैफल, भरते, फुकट. मी गेलो तो शनिवार होता, त्यामुळे नुसते कावळे होते.

बाकावर एक आजोबा बूट सैल करून बसले होते. पांढरं धोतर, त्याखाली झकपक निळे धावायचे बूट. मी शेजारी टेकलो आणि मोडक्या इंग्रजीत विचारलं, हे नागेश्वरराव कोण? मला ठाऊक होतं, पण इथला माणूस काय सांगतो ते ऐकायचं होतं. पत्र, काँग्रेस, तुरुंग, श्रीबाग, यातलं काय आधी येतं ते. आजोबांना माझं इंग्रजी उमगलं नाही. मी पुन्हा विचारलं, बागेच्या पाटीकडे बोट दाखवलं. ते पाटीकडे बघत राहिले. मग एकदम त्यांचा चेहरा उजळला. उजव्या हाताची दोन बोटं त्यांनी कपाळाला लावली, डावीकडून उजवीकडे सावकाश चोळली, डोळे मिटून एक खोल श्वास घेतला, आणि पुन्हा वाकून बुटाची नाडी बांधायला लागले.